टाकीतले विरजण

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी संगणकापुढे बसायला बंदी घातली होती. आता डोळे स्वच्छ झालेत, त्यामुळे घरातली जळमटेसुद्धा दिसायला लागली आहेत. असो.

निमित्त झाले माझ्या भाचीचे. ती पुण्याकडच्या एका कंपनीत 'सस्टेनेबिलिटी' विभागात आहे. (हे खाते नक्की काय करते, हे मला समजायला तीन फोन लागले.) गेल्या महिन्यात तिने कारखान्यात लावायच्या फलकांचा मराठी मजकूर माझ्याकडे तपासायला पाठवला. पहिल्याच फलकावर होते, 'संसाधन कार्यक्षमतेच्या संवर्धनाद्वारे शाश्वततेप्रती आपली बांधिलकी दृढ करूया.' पस्तीस वर्षे मराठी शिकवले मी, पण हे वाक्य मलाही दोनदा वाचावे लागले.

मी तिला फोन केला. "अगं, हे कुणासाठी आहे?"

"कामगारांसाठी, मावशी. पर्यावरणाचं ट्रेनिंग आहे त्यांचं, दोन तासांचं."

"आणि दोन तासांनंतर ते कामावर काय वेगळं करतील?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "तसं नाही गं... अवेअरनेस येईल."

तिला दोष देत नाही. तिलाही वर उत्तर द्यावे लागते. सेबीने २०२१ मध्ये नियम केला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शेअर बाजारातल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरणाचा आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल देणे सक्तीचे झाले. त्यात वीज किती, पाणी किती, कचरा किती याचे रकाने आहेत, तसे किती कर्मचाऱ्यांना आणि किती कामगारांना प्रशिक्षण दिले याचेही आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण मी शिक्षिका आहे, रकाने कसे भरतात ते मला माहीत आहे. हजेरीपटात मूल हजर असते. ते वर्गात असतेच असे नाही.

माझा मुद्दा असा, की कंपनी पर्यावरणाच्या बाबतीत किती टिकाऊ आहे हे तिच्या अहवालात ठरत नाही. झडप उघडणाऱ्या, फरशी धुणाऱ्या, यंत्राला तेल देणाऱ्या माणसाला काय येते यावर ते ठरते. आणि त्याला जे येते ते त्याला बोलता येते का, यावर त्याहून जास्त ठरते. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेले नाही. माझ्या एका विद्यार्थ्याकडून कळले, आणि त्यात माझाही एक दोष आहे. तो आज सांगून टाकते.

आमच्या तालुक्यात साखर कारखाना आहे. त्याचे नाव लिहीत नाही, विद्यार्थ्याचेही नाही. दहावीला जेमतेम पास झालेला हा मुलगा पुढे कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या जागी, ठेकेदाराकडे लागला. मी निवृत्त होण्याआधी नववीच्या मुलांची सहल घेऊन कारखान्यावर गेले, तेव्हा तो तिथे भेटला. "बाई, ओळखलंत का?" म्हणून पाया पडला आणि पोरांना म्हणाला, चला, तुम्हाला कारखान्याचं पोट दाखवतो.

त्या दिवशी मी जे शिकले ते असे. एक टन उसात साधारण ७०० लिटर पाणीच असते. २०१६ पासूनच्या केंद्रीय नियमाप्रमाणे टनामागे २०० लिटरपर्यंतच सांडपाणी बाहेर सोडता येते, तेही शुद्ध करून. (हा आकडा अर्थात मला नंतर कळला.) या पाण्यात साखर असते. साखर म्हणजे काही विष नव्हे, असे आपल्याला वाटते. पण साखरेचे पाणी ओढ्यात गेले की तिथले जंतू त्यावर तुटून पडतात आणि ती खाता खाता पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. मग मासे गुदमरतात. तेव्हा हे खाण्याचे काम जंतूंकडून नदीऐवजी कारखान्यातल्या टाकीतच करून घ्यायचे, एवढीच ईटीपीची युक्ती. टाकीत एरेटर असतात, ते पाणी घुसळून त्यात हवा मिसळतात. जंतू पोट भरून खातात, वाढतात, पुढच्या टाकीत गाळ होऊन तळाशी बसतात. त्यातला काही गाळ पुन्हा पहिल्या टाकीत आणून सोडतात.

"विरजण!" मी म्हणाले.

"तेच की बाई. आम्ही पण विरजणच म्हणतो."

आणि मग तो बोलतच सुटला. विरजण उपाशी मरते. म्हणून गळीत हंगाम सुरू होण्याआधी तीन-चार आठवडे शेण कालवून आणि गुळाचे पाणी पाजून ते जागे करावे लागते. नुसती साखर खाऊन ते जगत नाही, बरोबर युरिया आणि डीएपी द्यावे लागते. त्याने टाकीतले पाणी काचेच्या उभ्या लिटरच्या मापात घेतले आणि पोरांना अर्धा तास थांबायला लावले. गाळ खाली बसला, वर नितळ पाणी आले. गाळ किती रेघांपर्यंत बसला त्यावरून तो तब्येत सांगायचा. रंग चॉकलेटी आणि वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा, तर ठीक. काळा रंग आणि सडक्या अंड्याचा वास, तर हवा कमी पडली. पांढरा फेस आला तर विरजण कोवळे आहे.

प्रयोगशाळाही होती. ती पाण्याचा बीओडी काढते, म्हणजे घाण संपवायला जंतूंना किती प्राणवायू लागेल त्याचे माप. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. पण ही चाचणी आपल्याकडे २७ अंश तापमानाला ३ दिवस चालते. म्हणजे पाणी बिघडले हे कागद चौथ्या दिवशी सांगतो. त्याचे नाक त्याच दिवशी सांगायचे.

मी मात्र तेव्हा शाळेत पर्यावरणाचे तास घेत होते. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाचा आदेश दिला, २००३ मध्ये पुन्हा दिला. शाळेत शिक्षक कमी, म्हणून तो विषय मराठीच्या बाईंच्या गळ्यात पडला. मी काय शिकवले? रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, 'झाडे लावा' वर घोषवाक्य लिहा. मुलांना पैकीच्या पैकी गुण मिळायचे. शाळेच्या मागचे गटार कुठे जाते, हे मात्र एकालाही सांगता आले नसते. मलाही नाही.

पुढे काही वर्षांनी एका संध्याकाळी तो घरी आला. "बाई, एक अर्ज लिहून द्याल का? तुमच्यासारखी भाषा आम्हाला येत नाही."

त्याला तीन गोष्टी मांडायच्या होत्या. एक, रस उकळायच्या विभागात भांडी साफ करताना कॉस्टिक सोडा वापरतात. ते पाणी एकदम ईटीपीत सोडले की विरजण मरते. म्हणून साफसफाईच्या आदल्या दिवशी कळवावे आणि ते पाणी वेगळ्या टाकीत साठवून थोडे थोडे सोडू द्यावे. दोन, वीज वाचवायला रात्रपाळीत एरेटर बंद करतात, ते ईटीपीच्या माणसाला विचारल्याशिवाय करू नये. तीन, ठेकेदार बदलला तर नव्या माणसाने जुन्या माणसाबरोबर निदान एक महिना काम करावे.

मी अर्ज लिहिला. माझ्या मते चांगला लिहिला. आणि वाचून दाखवल्यावर त्याला म्हणाले, "पण देऊ नकोस."

का? तो ठेकेदाराचा माणूस. मुलगी अकरावीला. उगाच साहेबांच्या नजरेत कशाला यायचे? "वरच्यांना कळत असेलच की रे," असेही मी म्हणाले. त्याने कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि चहा पिऊन गेला.

पुढच्या हंगामात ठेका बदलला. नव्याने कमी पैशात माणसे आणली आणि याला गव्हाणीवर ऊस टाकायला पाठवले. डिसेंबरात साफसफाई झाली, कॉस्टिकचे पाणी एकदम टाकीत आले. एरेटर रात्री बंद होतेच. टाकी काळी पडली. नव्या माणसाला वाटले, कारखान्याचे पाणी काळेच असते. आठवड्याभरात ओढ्याला वास सुटला आणि बंधाऱ्यापाशी मासे पांढरी पोटे वर करून तरंगायला लागले. गावात सगळे म्हणाले, 'मळीचं पाणी सोडलं.' मुद्दाम सोडले असेच सगळ्यांना वाटले. नोटीस आली, गाळप काही दिवस बंद राहिले, तोडलेला ऊस फडात वाळला. मग कुणाला तरी हा आठवला. त्याने पुन्हा शेण कालवले, गूळ घातला, आणि पंधरा-वीस दिवसांनी पाणी वळणावर आले.

तीन मुद्द्यांचा अर्ज. तो वर गेला असता तर कुणी वाचला असता का, ते मला सांगता येणार नाही. पण तो गेला नाही, आणि तो न जाण्यात मी होते.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की प्रदूषण ईटीपीत होत नाही, ते तिथे फक्त पोचते. ते होते रस उकळायच्या विभागात, गिरणीच्या बेअरिंगमधून तेल गळते तिथे, नळ चालू राहतो तिथे. म्हणजे पर्यावरणाचे कौशल्य एकट्या ईटीपीवाल्याला असून भागत नाही. कॉस्टिकची झडप उघडणाऱ्याला, हे पाणी पुढे कुणाच्या तोंडात जाणार, ते माहीत हवे. स्वयंपाकघरात एकीने जपून विरजण लावावे आणि दुसरीने त्याच भांड्यात लिंबू पिळावे, तर दही कसे लागणार?

दुसरी गोष्ट, माहीत असणे आणि बोलता येणे यात फार अंतर असते. आमच्या गावची गोष्ट मासे मरण्यावर थांबली. भोपाळची थांबली नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या कामगारांच्या डोळ्यांना पाणी आले. गळती आहे हे यंत्राच्या आधी त्यांच्या डोळ्यांनी सांगितले. पण त्याआधीच्या काही वर्षांत खर्च कमी करायला त्या विभागातली पाळीची माणसे १२ वरून ६ वर आणली होती, प्रशिक्षणाचा काळ कमी केला होता, विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद ठेवली होती, आणि वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला होता. कंपनीने पुढे घातपाताचा दावा केला, तो वाद बाजूला ठेवू. घातपात असो वा चूक, ती सावरायला लागणारी माणसे आणि साधने आधीच कमी केलेली होती. हजारो माणसे गेली. त्यानंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा, प्रशिक्षणाचा आणि धोका दिसल्यास इशारा देण्याचा हक्क लिहिला गेला. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला कळवण्याचा हक्क कागदावर होता. खिशातला कागद मात्र खिशातच राहिला.

कुणी म्हणेल, बाई, आता जमाना सेन्सरचा आहे. खरे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये साखर कारखान्यांसह १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना पाण्यावर आणि धुरावर सतत नजर ठेवणारी यंत्रे बसवायला सांगितले. ती हवीतच. पण सेन्सर बसतो शेवटच्या नळाशी. पाणी बिघडले हे तो सांगतो. कॉस्टिक सोडणाऱ्याचा हात तो धरत नाही. आणि त्या सेन्सरवरचा गाळ पुसायलाही कुणीतरी जाणता लागतोच.

याउलट, माणसांना बोलते केले तर काय होते त्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने १९७५ मध्ये 'पॉल्युशन प्रिव्हेन्शन पेज' नावाची योजना सुरू केली. प्रदूषण टाळणे फायद्याचे असते, असा त्याचा अर्थ. घाण झाल्यावर साफ करण्याऐवजी ती होऊच नये म्हणून प्रक्रिया कशी बदलायची, कच्चा माल कोणता बदलायचा, हे कर्मचाऱ्यांनीच सुचवायचे. असे हजारो प्रकल्प झाले आणि कंपनीचा पैसाही वाचला.

मी इथेच थांबले असते तर लेख छान गोड झाला असता. पण याच कंपनीच्या पीएफएएस नावाच्या, सहजासहजी नष्ट न होणाऱ्या रसायनांनी पिण्याचे पाणी दूषित झाल्याच्या दाव्यांवर तिने २०२३ मध्ये पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांशी किमान १०.३ अब्ज डॉलरचा समझोता केला. (दोष मान्य न करता.) म्हणजे कर्मचाऱ्यांनी हजार ठिकाणी घाण कमी करायची आणि कोणते रसायन बनवायचे ते मात्र वर ठरायचे. तेव्हा 'कामगारांना शिकवा, सगळे ठीक होईल' असे मी म्हणणार नाही. ते म्हणणे वरच्यांच्या सोयीचे आहे. चूक झाली की अप्रशिक्षित कामगार सापडतोच. शिकवायचे तर दोन्ही टोकांना शिकवायला हवे. टाकीतले विरजण कशाने मरते हे ठेका मंजूर करणाऱ्याला माहीत असते, तर त्याने सर्वांत स्वस्त ठेका घेतला नसता.

तर माझे सांगणे थोडेच आहे. ज्याला काम येते त्याला ठेक्याबरोबर बदलू नका. वर्षानुवर्षे कमावलेले नाक निविदेत मिळत नाही. प्रशिक्षण किती तास झाले हे मोजू नका, दुसऱ्या दिवशी कामात काय बदलले ते मोजा. शिकवा ते त्याच्या भाषेत, त्याच्या घरातल्या दाखल्याने. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१७ पासून हरित कौशल्य विकासाचे जे अभ्यासक्रम आणले, त्यात सांडपाणी प्रकल्प चालवणाऱ्यांसाठीही एक होता. अशा शिकलेल्याला पगारही तसा द्या. आणि त्याचा अर्ज घेणारा कुणीतरी असा ठेवा, की अर्ज दिल्याने त्याची गव्हाणीवर बदली होणार नाही.

भाचीला मी फलक दुरुस्त करून दिले नाहीत. म्हटले, आधी तिन्ही पाळ्यांत जा आणि एकच विचार, 'तुमच्या कामातली घाण कुठे जाते?' ती गेली, हे तिचे कौतुक. आठवड्याने फोन आला. आवारात दोन प्रकारच्या जाळ्या आहेत. एक पावसाच्या पाण्याची, ती थेट बाहेरच्या नाल्याला जाते. दुसरी ईटीपीला. रात्रपाळीत फरशी धुणाऱ्या माणसाला हे कुणी कधी सांगितलेच नव्हते. तो तेलाचे पाणी जवळच्या जाळीत लोटायचा, आणि जवळची जाळी पावसाची होती. दोन तासांच्या ट्रेनिंगला तो हजर होता. अहवालात त्याची नोंदही आहे.

आता पावसाच्या जाळ्यांना निळा रंग दिला आहे आणि भिंतीवर लिहिले आहे, 'निळ्या जाळीत फक्त पावसाचे पाणी.' शाश्वतता वगैरे काही नाही. भाचीच्या साहेबांना फलक फारच साधा वाटला म्हणे.

परवा मी विद्यार्थ्यालाही फोन केला. अर्जाचे सांगितले, तेव्हा मी तुला अडवायला नको होते असे म्हणाले. तो हसला. "जाऊ द्या बाई. तुम्ही तरी कुठं खोटं सांगत होता? दिला असता तर नोकरी गेलीच असती."

हेच तर वाईट आहे. मी त्याला दिलेला सल्ला चुकीचा नव्हता. तो सल्ला बरोबर ठरावा अशी आपण व्यवस्था करून ठेवली आहे.

हे वाचणाऱ्यांत माझे भाचे-पुतणे आहेत, त्यांतले काही कंपन्यांत मोठ्या जागांवर आहेत. त्यांना एकच विचारते. तुमच्या कारखान्यात असा एखादा खिशातला कागद आहे का? उद्या जाऊन बघाल?